पावसाच्या टाकीतून बागेला पाणी देण्यासाठी पंप कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळ-वाशीची रो-हाउस, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधली अंगणे, ठाण्यात येऊर-मानपाड्याच्या बाजूचे बंगले आणि तळमजल्यावर बाग राखणाऱ्या सोसायट्या यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सर्व आकडे घरगुती बागेसाठी आहेत. शेतीच्या पंपाचा हिशेब वेगळा असतो.

पावसाळ्यात बागेला पाणी द्यावे लागत नाही, आणि टाकी तर तेव्हाच भरते. मग पंपाचा उपयोग कधी होतो?

हा प्रश्न पंप घेण्यापूर्वीच स्वतःला विचारावा. ठाणे आणि नवी मुंबईत वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी जमते आणि गळती, उडणे, पहिल्या सरीचे घाण पाणी सोडून देणे हे सगळे वजा केले तरी सुमारे ८० लिटर हाती लागते. म्हणजे पाण्याला तोटा नाही. तोटा आहे तो साठवण्याच्या जागेचा.

ऑक्टोबरच्या उन्हात चौरस मीटरभर हिरवळीला दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागते. ४० चौरस मीटरच्या बागेला रोज २०० लिटर धरले, तर ५००० लिटरची टाकी २५ दिवसांत संपते. त्यामुळे अशा टाकीचे पाणी प्रामुख्याने पावसाने ओढ दिली तर, आणि पाऊस गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात कामी येते. त्यापुढे टाकी रिकामी राहणार असेल, तर महागडा पंप घेण्याचे कारण नाही. मात्र त्याच टाकीत पुढे बोअरचे, टँकरचे किंवा सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून आलेले पाणी भरणार असाल, तर पंप वर्षभर चालणार आहे असे समजून निवड करावी.

किती हॉर्सपॉवरचा पंप घ्यावा?

दुकानात हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो आणि सर्वांत शेवटी विचारायला हवा. पाणी किती उंचीपर्यंत आणि किती दाबाने न्यायचे, म्हणजे हेड, आणि मिनिटाला किती लिटर हवे, म्हणजे डिस्चार्ज, हे दोन आकडे ठरले की हॉर्सपॉवर आपोआप ठरते. घरगुती बागेला बहुतेक वेळा अर्धा हॉर्सपॉवर पुरतो. एक हॉर्सपॉवरचा पंप विकण्यात दुकानदाराची सोय असते, कारण पाणी कमी पडल्याची तक्रार येत नाही. पण गरजेपेक्षा मोठा पंप नळी तडकवतो, कुंडीतली माती उडवतो आणि टाकी लवकर रिकामी करून कोरडा फिरतो.

हेड घरच्या घरी कसे मोजावे?

त्यात तीन गोष्टींची बेरीज असते. पहिली म्हणजे टाकीतल्या पाण्याच्या सर्वांत खालच्या पातळीपासून पाणी जिथे बाहेर पडणार त्या ठिकाणापर्यंतची उभी उंची. दुसरी, पाइप, बेंड आणि व्हॉल्व्ह यांतून जाताना घर्षणाने होणारा तोटा. तिसरी, नळीच्या तोंडाशी किंवा स्प्रिंकलरला लागणारा दाब. १ बार दाब म्हणजे सुमारे १० मीटर हेड.

उदाहरणादाखल एक रो-हाउस घेऊ. पाण्याची टाकी अंगणात जमिनीखाली आहे आणि संपत आलेले पाणी जमिनीपासून २ मीटर खाली आहे. कुंड्या ७ मीटर उंचीच्या गच्चीवर आहेत. उभी उंची झाली ९ मीटर. पाइप २५ मिलिमीटर व्यासाचा व २५ मीटर लांबीचा असून त्यातून मिनिटाला ३० लिटर पाणी न्यायचे असेल, तर सरळ पाइपात सव्वा मीटर आणि बेंड-व्हॉल्व्ह धरून सुमारे २ मीटरचा तोटा होतो. नळीच्या तोंडाशी १ बार दाब हवा, म्हणून आणखी १० मीटर. एकूण २१ मीटर. आता दुकानात जाऊन ‘अर्ध्याचा द्या की एकचा’ असे विचारण्याऐवजी ‘२१-२२ मीटर हेडला मिनिटाला ३० लिटर देणारा पंप दाखवा’ असे सांगता येते. चांगल्या बनावटीचा अर्धा हॉर्सपॉवरचा पंप हे काम करतो. हीच बाग जमिनीवर आणि टाकीही जमिनीवर असती, तर १२-१३ मीटरमध्ये भागले असते आणि त्याहून लहान पंपानेही काम झाले असते.

घर्षणाच्या बाबतीत बागेची नळी सर्वांत दगा देते. मिनिटाला १५ लिटर पाणी अर्ध्या इंची नळीच्या २० मीटर लांबीतून जाताना सुमारे ८ मीटर हेड गमावते. तेच पाणी पाऊण इंची नळीतून नेले, तर तोटा जेमतेम १ मीटरचा होतो. पंप बदलण्याआधी नळी बदलून पाहावी, हा सल्ला त्यामुळेच देतो. तो स्वस्तातही पडतो.

डिस्चार्ज किती हवा, हे कसे ठरवावे?

हाताने नळी धरून पाणी घालणाऱ्याला मिनिटाला १५ ते २० लिटर पुरे होतात; त्याहून जास्त धार असली की माती धुपते. सध्याच्या नळाची धार आवडत असेल, तर १५ लिटरची बादली ठेवून ती भरायला किती वेळ लागतो हे घड्याळावर पाहावे. एका मिनिटात भरली, तर हवा तो आकडा मिळाला. एकाच वेळी दोन नळ्या चालवायच्या असतील तर दुप्पट करावी. त्यापलीकडे फार विचार करण्याची गरज नाही.

पंपावरची पाटी कशी वाचावी?

पंपाच्या मोटरीवर अॅल्युमिनियमची किंवा चिकटवलेली छोटी पाटी असते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘कमाल हेड ३० मीटर’ आणि ‘कमाल डिस्चार्ज २४०० लिटर प्रतितास’ हे दोन्ही आकडे खरे असू शकतात, पण ते एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. कमाल हेडला डिस्चार्ज शून्य असतो, आणि कमाल डिस्चार्ज मिळतो तो जवळजवळ उंचीच नसताना. म्हणून पाटीवर किंवा सोबतच्या तक्त्यात दिलेल्या आकड्यांच्या जोड्या पाहाव्यात: ६ मीटरला किती, १२ मीटरला किती, १८ मीटरला किती. आपले हेड या जोड्यांच्या साधारण मधोमध यायला हवे. आपला आकडा यादीच्या अगदी टोकाला येत असेल, तर तो पंप आपल्यासाठी नाही. तक्ता दाखवू न शकणाऱ्या दुकानदाराकडून पंप घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाटीवर आयएसआय चिन्ह आणि त्याखाली मानकाचा क्रमांक असतो. मोटर व पंप एकत्र जोडलेल्या, स्वच्छ पाण्याच्या मोनोब्लॉक पंपांसाठी आयएस ९०७९ आणि पाण्यात बुडून चालणाऱ्या ओपनवेल सबमर्सिबलसाठी आयएस १४२२० ही मानके आहेत. किलोवॉटचा आकडाही पाहावा. अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे ०.३७ किलोवॉट. पाटीवर अर्धा हॉर्सपॉवर लिहून किलोवॉट त्याहून कमी दाखवले असेल, तर कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा हे सांगायला नको.

सगळीकडे मिळणारा छोटा ‘टुल्लू’ पंप चालेल का?

चालतो, पण जपून वापरावा लागतो. लहान आकाराचे, स्वस्त आणि उंच हेड देणारे हे पंप बहुधा रिजनरेटिव्ह प्रकारचे असतात. त्यांचा पितळी इम्पेलर (पाणी फिरवणारे चक्र) आणि आवरण यांच्यामध्ये केसाएवढी फट असते व त्या फटीवरच त्यांचा दाब अवलंबून असतो. पावसाच्या टाकीत छपरावरची बारीक वाळू, सिमेंटची भुकटी आणि रस्त्यावरची धूळ येतेच. ती त्या फटीतून फिरत राहिली की धातू झिजतो आणि दोन पावसाळ्यांत पंप आवाज तेवढाच करतो पण पाणी निम्मे देतो. पाणी गाळून येत असेल तरच हा पंप घ्यावा.

या प्रकाराची आणखी एक गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. साध्या सेंट्रिफ्युगल पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाणाऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह, अर्धवट बंद केला तर मोटरीवरचा भार कमी होतो. रिजनरेटिव्ह पंपाचे नेमके उलट असते, व्हॉल्व्ह आवळत जाल तसा भार वाढतो. म्हणून नळीच्या तोंडाशी बंद करता येणारी फवारणीची पिस्तूल लावायची असेल, तर टुल्लूच्या वाटेला जाऊ नये. मोटरीतले वायंडिंग, म्हणजे तारांची गुंडाळी, जळण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. गाळाचे थोडेफार पाणी आणि बदलती धार या दोन्हींना सेल्फ-प्रायमिंग (पाइपातली हवा स्वतः बाहेर काढणारा) सेंट्रिफ्युगल मोनोब्लॉक अधिक सोसतो.

हाच पंप महापालिकेच्या नळाला थेट लावून पाणी ओढणे बेकायदा आहे, हेही येथे नोंदवतो.

टाकी जमिनीखाली असेल, तर पंप वर ठेवावा की पाण्यात?

वर ठेवलेला पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात पंप पोकळी निर्माण करतो आणि हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हवेचा दाब समुद्रसपाटीला १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असल्याने त्याहून खोल पाणी कोणताही पंप वरून खेचू शकत नाही, आणि व्यवहारात ६ ते ७ मीटरनंतर अडचणी सुरू होतात. घरगुती टाक्या दोन-तीन मीटरच्या असतात, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो सक्शनच्या, म्हणजे टाकीतून पंपाकडे येणाऱ्या पाइपाच्या, जोडांचा.

पाणी न येण्याच्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा सक्शन पाइपात सापडते. डिलिव्हरीच्या बाजूला सांधा गळत असेल तर पाणी बाहेर येताना दिसते. सक्शनच्या बाजूला तोच सांधा हवा आत घेतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही; प्लंबर पंप उघडून पाहतो, शाफ्टजवळून पाणी गळू न देणारे सील बदलतो, आणि हवा मात्र युनियनच्या (पाइप जोडणाऱ्या सांध्याच्या) आट्यांतून येतच राहते. म्हणून सक्शन पाइप शक्य तितका आखूड आणि सरळ ठेवावा, पंपाच्या तोंडापेक्षा लहान व्यासाचा कधीही घेऊ नये, त्याला पंपाकडे चढता उतार द्यावा आणि प्रत्येक आट्यावर टेफ्लॉन टेप नीट गुंडाळावी. पाइपाच्या खालच्या टोकाला जाळीसह फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप, हवा आणि तो टाकीच्या तळापासून वीतभर वर असावा. फुटव्हॉल्व्हच्या झडपेत पानाचा एखादा देठ जरी अडकला, तरी रात्रीतून पाइप रिकामा होतो आणि सकाळी पुन्हा प्रायमिंग (पाइपात व पंपात पाणी भरणे) करावे लागते. सेल्फ-प्रायमिंग पंपालाही पहिल्यांदा पाणी भरावेच लागते. त्याच्या नावावरून गैरसमज होऊ देऊ नये.

पाण्यात बसणाऱ्या सबमर्सिबलला ही कटकट नाही. प्रायमिंग नाही, फुटव्हॉल्व्ह नाही, आवाजही जवळजवळ नाही, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या रो-हाउसमध्ये पहाटे बाग भिजवणाऱ्याला या शेवटच्या गुणाची किंमत कळते. मात्र त्यातही दोन जाती आहेत. बांधकामाच्या खड्ड्यातले पाणी उपसणारा डीवॉटरिंग पंप भरपूर पाणी देतो, पण त्याचे हेड थोडे असते. अंगणातल्या हिरवळीवर नळी सोडायला तो चालतो, गच्चीवर पाणी चढवताना धार मरते. ओपनवेल सबमर्सिबल उंची गाठतो, पण त्याची मोटर भोवतालच्या पाण्याने थंड होत असल्याने तो पाण्यात पूर्ण बुडालेला राहावा लागतो व टाकीतले तळाचे पाणी वापरता येत नाही. कोणताही सबमर्सिबल तळाच्या गाळात टेकवू नये, विटांच्या थरावर ठेवावा आणि उचलताना नायलॉनच्या दोरीने उचलावा, केबलने नव्हे.

टाकी जमिनीवर असेल, तर मोनोब्लॉक टाकीच्या पायथ्याशी, पाण्याच्या पातळीखाली बसवावा. पाणी आपोआप पंपात येते आणि वरच्या सगळ्या तक्रारी मिटतात.

ड्रिपसाठी हाच पंप वापरता येईल का?

येथे हिशेब उलटा होतो. ताशी २ लिटरचे ड्रिपर ६० कुंड्यांना लावले, तर ताशी १२० लिटर, म्हणजे मिनिटाला अवघे २ लिटर पाणी लागते. मिनिटाला ३० लिटर देणारा पंप यावर जोडला, तर पाण्याला जायला वाट राहत नाही, पंपातले पाणी तापते आणि जोड सुटतात. अशा वेळी डिलिव्हरीवर टी आकाराचा जोड बसवून एक फाटा व्हॉल्व्हमार्फत पुन्हा टाकीत सोडावा, आणि दाबमापकावर १ बार येईल इतकाच तो व्हॉल्व्ह आवळावा. नवीनच पंप घ्यायचा असेल, तर १२ व्होल्टचा छोटा डायफ्राम पंप पुरतो. तो मिनिटाला चार-पाच लिटर देतो व स्वतःचा दाबाचा स्विच घेऊनच येतो. ड्रिपच्या आधी १२० मेशचा (इंचाला १२० छिद्रांच्या जाळीचा) फिल्टर हवाच, त्याशिवाय ड्रिपर एका हंगामात बुजतात. मायक्रो स्प्रिंकलरला मात्र दीड ते दोन बार दाब लागतो, म्हणून हेड मोजताना १० ऐवजी १५ ते २० मीटर धरावे.

टाकी गच्चीवर आणि बाग खाली असेल, तर?

बहुधा पंप लागत नाही. ६ मीटर उंचीवरच्या टाकीतून खाली सुमारे ०.६ बार दाब मिळतो. तो नळीने पाणी घालायला आणि कमी दाबावर चालणाऱ्या ड्रिपला पुरतो. गच्चीवर पाण्याची टाकी ठेवण्यापूर्वी स्लॅबचा विचार करावा, कारण १००० लिटर पाण्याचे वजन १ टन असते.

पंप आपोआप चालू-बंद होण्याची सोय करावी का?

एकच सोय अत्यावश्यक मानावी, ती म्हणजे टाकी रिकामी झाल्यावर पंप बंद करणारा फ्लोट स्विच. मेकॅनिकल सील पाण्यानेच थंड राहते. पंप काही मिनिटे कोरडा फिरला तरी ते जळू शकते. नळ उघडला की पंप चालू करणारा प्रेशर कंट्रोलर सोयीचा वाटतो, परंतु बागेतला एखादा नळ थेंब-थेंब गळत असेल, तर तो रात्रभर पंपाला उठवत राहतो. बागेला साधा टायमर बरा.

विजेच्या जोडणीत काय पाहावे?

ओली जमीन, अनवाणी पाय आणि पाण्यातली मोटर हे एकत्र येत असल्याने येथे काटकसर करू नये. पंपाच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की प्रवाह तोडणारा खटका) आणि तपासलेले अर्थिंग असावे, सॉकेट पावसापासून झाकलेले असावे, आणि सबमर्सिबल चालू असताना कोणीही टाकीत हात घालू नये. वायरमनकडून काम करून घेतल्यावर आरसीसीबीचे चाचणी बटण स्वतः दाबून पाहावे. खटका पडला नाही, तर काम पूर्ण झालेले नाही.

गाळ काढण्यासाठी जमिनीखालच्या बंद टाकीत माणूस उतरवणे ही याहून मोठी जोखीम आहे. बराच काळ बंद राहिलेल्या टाकीत प्राणवायू कमी असतो, विषारी वायूही साठलेला असू शकतो. झाकणे उघडून भरपूर हवा खेळू दिल्याशिवाय आणि वर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय कोणालाही आत पाठवू नये. पाणी उपसून वरूनच गाळ काढता येत असेल, तर तेच करावे.

विजेचे बिल किती वाढेल?

फारसे नाही. अर्धा हॉर्सपॉवरची मोटर प्रत्यक्षात साधारण ०.५५ ते ०.६ किलोवॉट वीज घेते. रोज २० मिनिटे चालली, तर महिन्याला सुमारे ६ युनिट होतात.

सौर पंप घ्यावा का?

पीएम-कुसुमसारख्या अनुदानाच्या योजना शेतकऱ्यांसाठी आहेत, घरच्या बागेसाठी नाहीत. स्वखर्चाने करायचे असेल, तर वर सांगितलेला १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, एक बॅटरी आणि छोटे पॅनेल एवढ्यात ड्रिप चालते. जिथे वीज नेणेच अवघड आहे अशा कोपऱ्यासाठी हा पर्याय चांगला. घराला लागून असलेल्या बागेसाठी तो केवळ हौस आहे.

टाकीतले पाणी पंपासाठी स्वच्छ कसे ठेवावे?

नवी मुंबईच्या रस्त्यांवर सोनमोहर भरपूर आहे. उन्हाळ्यात त्याच्या पिवळ्या पाकळ्यांचा थर पन्हाळीत साचतो, आणि पहिल्या पावसात त्याचा लगदा होऊन टाकीत उतरतो. जून उजाडण्यापूर्वी पन्हाळी झाडून घ्याव्यात, पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडावे आणि टाकीच्या तोंडाशी जाळी लावावी. ही जाळी व ओव्हरफ्लोच्या तोंडावरची जाळी डास जाणार नाहीत इतकी बारीक हवी, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पावसाच्या पाण्याची लाइन पिण्याच्या पाण्याच्या लाइनीला कुठेही जोडू नये, मध्ये व्हॉल्व्ह असला तरीही.

खाडीकाठच्या खाऱ्या हवेचा पंपावर परिणाम होतो का?

होतो. ऐरोली, वाशी, सीवूड्स अशा खाडीलगतच्या भागांत बिडाचे आवरण आणि साधे नटबोल्ट लवकर गंजतात. शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा आहे का, हे विचारून घ्यावे. पंपावर पत्र्याचे छप्पर घालावे, पण तो प्लॅस्टिकने गुंडाळू नये, कारण मोटरीला हवा लागते.

पंप कुठून घ्यावा?

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर निवड भरपूर आणि भाव थोडा कमी असतो. तरीही घराजवळच्या ज्या दुकानाकडे सुटे भाग आहेत आणि रिवाइंडिंग (मोटरीच्या तारा पुन्हा गुंडाळणे) करणारा माणूस आहे, तिथून घेतलेला पंप अंती स्वस्त पडतो. एप्रिलमध्ये बाग सुकत असताना सीलसाठी आठवडा थांबणे परवडत नाही.

पावसाळाभर पंप बंद राहतो. नंतर चालू करताना काय पाहावे?

पंधरवड्यातून एकदा, टाकी भरलेली असताना, मिनिटभर पंप चालवला तर इम्पेलर गंजून चिकटत नाही. तेवढेही झाले नसेल, तर ऑक्टोबरमध्ये बटण दाबण्यापूर्वी प्लग काढून ठेवावा आणि मोटरीच्या मागच्या पंख्याकडून शाफ्ट हाताने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून पाहावा. शाफ्ट मोकळा फिरला, तर पाणी भरून पंप चालू करावा. पंप नुसता गुणगुणला आणि फिरला नाही, तर ताबडतोब बंद करावा. शाफ्ट मोकळा असूनही असे होत असेल, तर बहुधा मोटर सुरू करायला मदत करणारा कपॅसिटर गेलेला असतो, आणि तो बदलण्याचा खर्च रिवाइंडिंगच्या मानाने अगदी किरकोळ असतो.